पांढऱ्या महिन्यातली पांढरी गाडी

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी वाईट बोलायचं नाही, असा यंजमाच्या घरात दंडक होता. तसा तो साऱ्या मंगोलियात आहे, पण यंजमाच्या घरात जरा जास्तच कडक. पांढऱ्या महिन्याची पहिली सकाळ जशी जाईल तसं वर्ष जातं, म्हणून त्या दिवशी कुणी काहीही विचारलं तरी जनावरं धष्टपुष्ट, हिवाळा सुखाचा, तब्येत ठणठणीत, एवढंच सांगायचं. बाहेर हाडं गोठवणारी थंडी असो की बर्फाखाली निम्मी मेंढरं गेलेली असोत, तोंडातून गोडच निघालं पाहिजे. त्यामुळे नवऱ्याची, दवाखूची गाडी गोठ्यामागे पोट टेकून बसलेली नोमिननं पाहिली, तेव्हा पहिला विचार तिच्या मनात आला तो हाच, की आता हे घरात सांगायचं कुठल्या तोंडानं.

ती पहाटेची दिशा गाठायला बाहेर पडली होती. पंचांगात ज्याच्या त्याच्या जन्मवर्षाप्रमाणे दिशा दिलेली असते. उजाडायच्या आत त्या दिशेनं थोडं चालून यायचं, म्हणजे वर्षभराची वाट सरळ होते. नोमिनची दिशा नेमकी मेंढरांच्या गोठ्यामागून जात होती आणि गोठ्यामागेच गाडी उभी होती. म्हणजे काल रात्री उभी होती. आता तिची चारही चाकं मडगार्डच्या आत शिरली होती, आणि ते भलंमोठं पांढरं धूड, गुडघे मुडपून बसलेल्या उंटासारखं, बर्फावर स्वस्थ बसलं होतं. इंजिनाखाली एक लोखंडी घमेलं, त्यात गोवऱ्यांचे निखारे, आणि हवेत जळक्या रबराचा वास. घमेल्याशेजारी धाकटा दीर झुंदुई उभा.

"नवं वर्ष सुखाचं जावो, वहिनी," तो म्हणाला. शब्द सणाचे होते, चेहरा सुतकाचा.

"तुम्हालाही, भाऊजी."

दोघंही गाडीकडे बघत राहिले.

"गाडी... छान बसलीय," झुंदुई म्हणाला.

"फारच छान. अगदी निवांत."

"मी आपलं, दादाला आज त्रास नको म्हणून... आमच्या व्हॅनला रोज सकाळी असाच शेक देतो ना. तेल पातळ होतं, एका किल्लीत सुरू होते. म्हटलं, दादाचीही सुरू होईल. आईला वेळेवर निघता येईल." त्यानं टोपी काढली आणि पुन्हा घातली. "मग फुस्स झालं, वहिनी."

नोमिननं खाली वाकून पाहिलं. फुग्यांना हवा नेणारी एक काळी नळी वितळून लोंबत होती. पण गाडी एका नळीनं बसलेली नव्हती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ही गाडी रोजच बसायची.

स्प्रिंगांच्या जागी हवेचे फुगे असलेली ही गाडी जपानात कुणीतरी मनसोक्त वापरून काढून टाकलेली होती. जहाजातून आणि मग रेल्वेतून ती उलानबातरच्या गाडीबाजारात आली. खालून समुद्राकाठचा गंज होता, त्यावर काळा रंग फासलेला. दवाखूनं सोबत नेलेल्या मिस्त्रीनं शेजारची तपकिरी गाडी घे म्हणून परोपरीनं सांगितलं होतं. पण लामानं दवाखूच्या जन्मवर्षाला पांढरा रंग आणि मंगळवार सांगितला होता. मंगळवारी बाजारात मऊ आणि पांढरी अशी एकच होती. घरी आणल्याच्या तिसऱ्या सकाळी ती पहिल्यांदा बसली. तेव्हापासून दवाखू शेजारीपाजारी उठायच्या आत खाली जायचा, इंजिन सुरू करायचा आणि गाडीत हवा भरून ती उभी होईपर्यंत तिच्याभोवती फेऱ्या मारायचा. लोकांना वाटायचं, माणूस व्यायाम करतोय.

नोमिनला त्या गाडीचा राग यायचा आणि कधीकधी तिच्यावर जीवही जडायचा. गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे आणि इथली वाहतूकही उजवीकडूनच, त्यामुळे पुढचा ट्रक ओलांडायचा म्हटला की दवाखूला समोरचं काही म्हणजे काही दिसत नसे. मग डावीकडे बसलेल्या नोमिननं मान तिरकी करून बघायचं आणि "जा" किंवा "थांब" म्हणायचं. काल दिवसभर ती हेच करत आली होती. तिच्या एका शब्दावर दोघांचा जीव. नवरा माझं निमूटपणे ऐकतो ते फक्त याच गाडीत, असं ती मैत्रिणींना सांगे, आणि ते खरंही होतं.

"दादाला काय सांगू?" झुंदुईनं विचारलं.

"आधी चहा घेऊ," नोमिन म्हणाली.

गेरमध्ये, म्हणजे त्यांच्या नमद्याच्या गोल तंबूघरात, चूल धडधडून पेटली होती. पाटावर थरांची गोड भाकरी रचलेली, तिच्यावर पांढऱ्या खव्याच्या वड्या, शेजारी अख्ख्या मेंढीची पाठ. छांत्साल, म्हणजे झुंदुईची बायको, वाफेत बुझ, म्हणजे मांसाचे मोदक, उकडत होती. आणि यंजमा, दोघींची सासू, उत्तरेच्या मानाच्या जागी तयार होऊन बसली होती. निळा रेशमी झगा, चांदीची गुंडी, नवे बूट. ती पहाटेपासून तशीच बसली होती, झगा चुरगळू नये म्हणून मागे टेकलीसुद्धा नव्हती. मांडीवर निळ्या रेशमी खदगाची, मोठ्यांना मानानं द्यायच्या वस्त्राची, घडी, तिच्या मोठ्या भावाला द्यायची.

तो भाऊ, लुवसान मामा, खिंडीपलीकडे राहायचा. आईबाप गेल्यावर त्यानंच यंजमाला वाढवलं होतं. शाळेच्या पहिल्या दिवशी खांद्यावर बसवून नेलं होतं म्हणे, आणि ती रडली तेव्हा तासभर शाळेबाहेर बर्फात उभा राहिला होता. आता त्याची नव्वदी जवळ आली होती. कानानं ठार बहिरा, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. पांढऱ्या महिन्यात लहानानं मोठ्याकडे जायचं असतं, मोठा लहानाकडे येत नाही. पण दोन हिवाळ्यांपूर्वी उंटावरून पडून यंजमाची कंबर मोडली, आणि झुंदुईच्या रशियन व्हॅनमधला तो लाकडी बाक तिला सोसेना. गेल्या वर्षी तिनं हट्टानं प्रयत्न केला होता. अर्ध्या वाटेवर तिचा चेहरा पांढराफटक पडला, आणि झुंदुईनं न विचारता व्हॅन मागे वळवली. त्या दिवसापासून तिनं भावाचं नाव काढलं नव्हतं. काढायचं नाही असं ठरवूनच काढलं नव्हतं, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

काल संध्याकाळी मात्र ती दवाखूच्या गाडीत चढून बसली होती आणि उतरायलाच तयार नव्हती. गाडीतल्या वाट दाखवणाऱ्या यंत्रातली जपानी बाई काहीतरी बोलली, तेव्हा यंजमानं तिला "तूही सुखी राहा, लेकी" असं म्हटलं होतं.

"निघायचं ना?" आता ती म्हणाली. "पोरांनो, खाऊन घ्या पटकन. माझा दादा दारात येऊन बसला असेल."

दवाखू त्याची दिशा चालून आला. दारातून आत पाऊल टाकतानाच नोमिननं ओळखलं, यानं गाडी पाहिली आहे. तो आईच्या पाया पडावं तसा वाकला, नव्या वर्षाचं बोलला, आणि चहाची वाटी घेऊन खाली बसला. कुणाकडेच बघेना.

"गाडी बरी आहे ना रे?" यंजमानं विचारलं.

"बरी आहे, आई."

"थंडी तिला मानवली?"

"मानवली."

छांत्सालला बाहेरचं काहीच ठाऊक नव्हतं, पण घरातली हवा तिला लगेच कळायची. ती बुझचं ताट ठेवत म्हणाली, "न मानवायला काय झालं! जाऊबाईंनी एवढ्या हौसेनं निवडलीय. गरम खुर्च्या, काळ्या काचा. आमच्या व्हॅनला काचा आहेत हेच आमचं भाग्य." आणि हसली, कारण आज सगळं हसूनच बोलायचं होतं.

नोमिनही हसली. ही गाडी नोमिनच्या हौसेची, हे या घरात कधीच ठरून गेलं होतं. शहरातली सून, ब्यूटीपार्लरवाली, लग्नही उशिरा झालेलं. मग गाडी तिच्याशिवाय आणखी कुणाच्या हौसेची असणार? दवाखूनं ते कधी खोडून काढलं नाही. का नाही, हे नोमिननं एकदा विचारलं होतं. "आईला कळलं की तिच्यासाठी घेतली," तो म्हणाला होता, "तर ती बसायची नाही. एवढं कशाला केलं म्हणून जीव खाईल माझा." म्हणून नोमिन गप्प राहिली होती. गप्प राहणं तिला फार जड गेलं नव्हतं, आजपर्यंत.

झुंदुई अचानक उठला, दादासमोर गुडघ्यांवर बसला.

"दादा, माझ्या हातून चूक झालीय. गाडीखाली निखारे ठेवले मी. तुझी गाडी जाळली."

छांत्सालच्या हातातली पळी थांबली. "अहो! आज असं बोलतात का?"

"मग काय बोलू? जाळली तर जाळली."

दवाखूनं वाटीत बघितलं. नोमिन त्याच्याकडे बघत होती. एकच वाक्य बोलायचं होतं त्याला. गाडी आधीपासूनच बिघडलेली होती, एवढंच. ती वाट बघत राहिली.

"असू दे," दवाखू म्हणाला. "झालं ते झालं. तू काय मुद्दाम केलंस का?"

आणि हे ऐकून झुंदुईचा चेहरा आणखीच पडला. माफ केलं की माणसाचं ओझं हलकं होतं म्हणतात, पण इथं उलटंच झालं.

"नाही, दादा. असं कसं असू दे? किती हौसेनं आणलीस. आईसाठी आज पहिल्यांदा..." त्यानं मान खाली घातली. "तू माझा करडा घोडा घेऊन जा. विक, ठेव, काहीही कर. नादमच्या शर्यतीत पहिल्या पाचांत येणारा आहे, गाडी दुरुस्त होईल त्यात."

छांत्सालनं पळी खाली ठेवली. करडा तिच्या मुलीचा घोडा होता. गेल्या नादमला ती पोर त्याच्या पाठीवरून धुळीनं माखून आली होती आणि आठवडाभर तोंड धुवायला तयार नव्हती. आज ती आजोळी होती, हेच बरं. टोमणे मारणारी बाई गप्प बसली की घरात कसं चमत्कारिक वाटतं, ते नोमिननं तेव्हा अनुभवलं.

दवाखू नको म्हणाला. पण लगेच म्हणाला नाही. मध्ये एक घोट चहा गेला. तेवढा एक घोट नोमिनला सहन झाला नाही.

"गाडी भाऊजींनी नाही जाळली," ती म्हणाली.

"नोमिन," दवाखू हळूच म्हणाला.

"ती रोज रात्रीतून हळूहळू बसते. घेतली तेव्हापासून. फुगे फुटके आहेत, खालून सडलेली आहे, विकणाऱ्यानं रंग फासून दिली. हा रोज पहाटे उठून तिला उभी करतो, लोकांना दिसू नये म्हणून. निखारे नसते तरी ती उजाडेपर्यंत बसलेलीच असती." ती सासूकडे वळली. "मला माफ करा, आई. आज असं बोलू नये. पण मी ऐकून घेऊ शकत नाही."

चुलीतली गोवरी खाली सरकली. पहिल्या दिवशी, सूर्य वर यायच्या आत, मानाच्या जागेसमोर, सुनेनं नवऱ्याला खोटं पाडलं होतं. नोमिनला वाटलं, या घरातलं आपलं जे काही होतं, तेवढं संपलं आता.

यंजमानं खदगाची घडी मांडीवर नीट केली. "मग घेतली कशाला असली गाडी?" तिनं दवाखूला विचारलं. दवाखूनं तोंड फिरवलं. मग तिनं नोमिनकडे पाहिलं. "तुला हवी होती म्हणून?"

"नाही, आई. तुम्हाला लुवसान मामांकडे जाता यावं म्हणून. व्हॅन तुम्हाला बाधते, म्हणून त्यानं मऊ गाडी शोधली. शहरातल्या सगळ्या गाड्यांत बसून बघितलं त्यानं, डोळे मिटून, खड्ड्यांतून चालवायला लावून. मिस्त्रीला म्हणायचा, माझ्या आईची कंबर आहे, असं समज."

झुंदुईनं मान वर केली. छांत्साल नोमिनकडे बघत होती, आणि त्या बघण्यात नेहमीचं काहीच नव्हतं.

"दवाखू," यंजमा म्हणाली.

"काय, आई."

"भावाला घोडा नको म्हणून सांग. मोठ्यानं सांग."

"नको, झुंदुई. नको रे." आणि मग दवाखूच्या तोंडून सगळं एकदमच बाहेर पडलं. "तू फक्त एक नळी जाळलीस. बाकी ती आधीच मेलेली होती. मी तसं लगेच बोलायला हवं होतं. मला लाज वाटली. तुझ्यासमोरच लाज वाटली. तू आईला रोज सांभाळतोस, आणि मी वर्षातून एकदा येऊन एक गाडी आणतो, तीही असली."

झुंदुई पुढं सरकला. "म्हणजे नळीच फक्त?"

"नळीच."

"ती मी चिकटवून देतो. पण या थंडीत आज काही ती धरायची नाही."

यंजमा हसली, पण तिचा हात खदगावरून फिरत राहिला. "असू दे. यंदा नाही, पुढल्या वर्षी," ती म्हणाली. तिच्या भावाला पुढलं वर्ष आहे की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिनं चांदीची गुंडी सोडायला हात वर नेला.

"मग आता त्या गाडीचं करायचं काय?" छांत्साल नाक ओढत म्हणाली. रडू आलं की ती जास्तच चिडायची. "त्या खुर्चीचं एवढं कौतुक ना? तेवढी खुर्चीच काढून ठेवा व्हॅनमध्ये, आणि बाकीच्या गाडीत मेंढरं कोंडा!"

दवाखू आणि झुंदुईनं एकमेकांकडे बघितलं.

"चार बोल्ट असतात खुर्चीला," दवाखू म्हणाला.

"व्हॅनचा बाक तर दोनच खिळ्यांवर आहे," झुंदुई म्हणाला.

दोघंही एकाच वेळी दाराकडे धावले आणि दारात एकमेकांना धडकले. लहानपणी असेच धडकायचे, असं यंजमा नंतर पुष्कळदा सांगायची.

बोल्ट गंजलेले होते. झुंदुईनं निखाऱ्यांकडे बघितलं, तेव्हा दवाखू ओरडला, "खबरदार!" आणि दोघंही हसत सुटले. शेवटी एकानं पाना धरला आणि दुसऱ्यानं पान्यावर लाथा मारल्या. नोमिन आतल्या वायरी कापायला बसली. गाडीतली जपानी बाई शेवटचं काहीतरी बोलली आणि गप्प झाली. ती चामड्याची, मलईच्या रंगाची, दुहेरी गादीची खुर्ची चौघांनी मिळून उचलली आणि व्हॅनमध्ये चढवली. पुढच्या दोन भोकांत बोल्ट बसले. मागची दोन जुळेनात, तिथं उंटाच्या केसांचा दोर आवळला. खुर्ची व्हॅनमध्ये अगदीच परकी दिसत होती. यंजमा तिच्यात बसली, हात दोन्ही बाजूंना ठेवले, डोळे मिटले आणि उघडले.

"चला," ती म्हणाली.

छांत्सालला पाहुण्यांसाठी घरी थांबायचं होतं. यंजमानं तिला जवळ ओढून मायेनं तिचा गाल हुंगला. "तुझी जीभ आज कामाला आली बाई," ती म्हणाली. छांत्सालनं मग नोमिनच्या हातात गरम चहाचा थर्मास दिला आणि झग्याच्या बाहीनं डोळे पुसले. "जाऊबाई, वाटेत द्या त्यांना. आणि तुम्हीही प्या."

नोमिन पुढं झुंदुईशेजारी बसली. व्हॅनचं स्टिअरिंग डावीकडे होतं, तिला "जा" की "थांब" काहीच सांगायचं नव्हतं, म्हणून ती मागे वळून बघत राहिली. खिंडीच्या चढावर दोर सैल झाला आणि खुर्ची मागे कलू लागली. तेव्हा दवाखू व्हॅनच्या पत्र्यावर खाली बसला, पाठ खुर्चीच्या मागे टेकवली, पाय दाराच्या चौकटीला रोवले आणि आईचं सगळं वजन पाठीवर घेतलं. प्रत्येक खड्ड्याला तो कण्हत होता आणि आईला ऐकू जाऊ नये म्हणून खोकत होता. शहरात काळ्या काचांमागं बसलेल्या त्याच्यावर नोमिनचं प्रेम होतंच, पण इतकं नव्हतं.

"दुखतंय का, आई?" झुंदुईनं पुढून विचारलं.

"नाही रे. मागं कुणीतरी धरून बसलंय ना."

लुवसान मामा खरोखरच दारात बसला होता, अंगावर लांडग्याचं कातडं पांघरून. व्हॅन थांबली तरी त्याला ऐकू आली नाही. समोरून बहीण चालत येताना दिसली, तेव्हा तो काठीवर जोर देऊन उठला. यंजमा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि आपले दोन्ही हात तळवे वर करून त्याच्या कोपरांखाली धरले. लहानानं मोठ्याला असाच आधार द्यायचा असतो. नोमिननं सासूला कधी कुणासमोर लहान झालेलं पाहिलं नव्हतं. मामानं तिचे दोन्ही गाल हुंगले, एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

"यंजू!" तो बहिऱ्या माणसासारखा मोठ्यानं ओरडला. "एवढ्या बर्फातून तुला आणलं कुणी गं?"

यंजमानं उत्तर दिलं, पण त्याला ऐकू जाणार नव्हतं. तेव्हा तिनं मागं वळून पाहिलं. झुंदुई व्हॅनचं दार ओढत होता. दवाखूचे पाय आखडले होते, तो पत्र्यावरून सरळ उभा राहू शकत नव्हता आणि दाराला धरून कसाबसा उतरत होता. यंजमानं भावाच्या डोळ्यांसमोर दोन बोटं धरली.

मामानं मान डोलावली. दोन मुलगे, त्याला समजलं.

पण यंजमाचा हात खाली आला नाही. ती अजून मागेच बघत होती, थर्मास छातीशी धरून बर्फात उभ्या असलेल्या नोमिनकडे. मग तिनं तिसरं बोट वर केलं.